नगरसभेपासून ख्रिस्तसभेपर्यंत

नव्या करारातील 'एक्लेसिया' या ग्रीक शब्दासाठी आपण 'ख्रिस्तसभा' किंवा 'मंडळी' म्हणतो. हा शब्द प्रेषितांनी घडविलेला नव्हे. ग्रीक संस्कृती अभिजात युगातून हेलेनिस्टिक युगात आली तेव्हा काय पालटले, हे जाणल्याखेरीज त्याचे मर्म उमगत नाही, असे आम्हांस वाटते.

ख्रि. पू. पाचव्या शतकातील अथेन्समध्ये एक्लेसिया म्हणजे नागरिकांची सभा. दवंडी पिटली की ती निक्स टेकडीवर भरे व युद्ध, तह, कायदे यांचा निर्णय करी. मात्र स्त्रिया, गुलाम आणि परदेशी रहिवासी यांना तेथे मज्जाव होता. पेरिक्लीसच्या ख्रि. पू. ४५१ च्या कायद्याने तर आईबाप दोघेही अथेन्सचे असल्यावाचून नागरिकत्व मिळेनासे झाले.

ख्रि. पू. ३२३ मध्ये अलेक्झांडर मरण पावला आणि त्याच्या सेनापतींची विस्तीर्ण राज्ये उदयास आली. नगरसभा भरतच राहिल्या. पण युद्ध व तह यांची सूत्रे बहुतांशी राजांच्या हाती गेली. अथेन्सच्या बोलीच्या पायावर 'कोइने' ही सर्वांची ग्रीक भाषा उभी राहिली. सायप्रसहून आलेल्या झेनोने ख्रि. पू. ३०० च्या सुमारास स्तोयिक पंथ स्थापिला. या पंथाने अखिल जगास एकच नगर मानले. एपिकूरसच्या शिष्यवर्गात स्त्रिया व गुलामही होते. गुलामगिरी मात्र टिकून राहिली. विचार विशाल झाला, व्यवहार तितका झाला नाही.

याच जगात, अलेक्झांड्रियामध्ये, ख्रि. पू. तिसऱ्या शतकात यहुदी नियमशास्त्राचे ग्रीक भाषांतर झाले. त्यातील अनुवाद या ग्रंथात, होरेब पर्वतापाशी जमलेल्या इस्राएलासाठी, हिब्रू 'काहाल' शब्दाच्या जागी 'एक्लेसिया' योजिला आहे. आता सभेस बोलावणारे नगर नव्हे, तर परमेश्वर होय.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय १९ मध्ये इफिसच्या नगरसभेस हाच शब्द आहे; आणि त्याच इफिसहून करिंथकरांस लिहिताना संत पौल त्यांना देवाची एक्लेसिया म्हणतो. जेथे गुलाम व स्त्रियाही बसत, त्या मेळ्यास त्याने हे नाव दिले.

धर्मशिक्षण देताना 'ख्रिस्तसभा' म्हणजे चर्चची इमारत नव्हे, एवढे आपण सांगतोच. परंतु जेथे घराणे, जात वा जुनी वस्ती यांवरून कोणाचा शब्द वजनदार हे ठरते, तेथे आपण पौलाच्या एक्लेसियात बसलो आहोत की पेरिक्लीसच्या, हा प्रश्न धर्मगुरूंनी व धर्मशिक्षकांनी प्रथम स्वतःस विचारावयास हवा.