हुबेहूब की उमजून?



स्नेहसंमेलनातली गाण्याची स्पर्धा संपली की एक वाद ठरलेला. एकजण रेकॉर्डिंगबरहुकूम गातो आणि टाळ्या घेतो. दुसरा आपल्या गळ्याला झेपेल तसे, दोन जागा बदलून गातो, त्याला ऐकावे लागते, "चाल चुकली!" परीक्षक म्हणून मीही असे गुण कापले आहेत. ते बरोबर होते का, असा प्रश्न आता पडतो. त्याला कारण आपल्याच भागातले एक गायक.

बेळगावजवळच्या सुळेभावी गावी ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी यांचा जन्म झाला. तेच पुढचे कुमार गंधर्व. लहान वयात मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून ते जशाच्या तशा गात आणि लोक थक्क होत. स्पर्धा असती तर पैकीच्या पैकी गुण! पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिक्षण झाले. मग क्षयाने गाठले. १९४८ मध्ये ते देवासला राहायला गेले. सुमारे पाच वर्षे गाणे बंद. एक फुप्फुस कायमचे निकामी झाले.

याच कुमारांनी पुढे बालगंधर्वांची नाट्यपदे गायिली. कार्यक्रमाला नाव दिले 'मला उमजलेले बालगंधर्व'. 'उमजलेले' या शब्दातच सारे आले. बालगंधर्व ही पदे रंगभूमीवर स्त्रीभूमिकेत गात. इथे ना शालू, ना प्रवेश, शिवाय दमही वेगळा. पदे तीच, चाली ओळखीच्याच. पण कोणत्या शब्दावर रेंगाळायचे, कुठे स्वर हलकेच सोडून द्यायचा, हा विचार कुमारांचा. लहानपणी हुबेहूब नक्कल करणाऱ्या माणसाने ती इथे जाणूनबुजून टाळली, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

"पण मूळ ते मूळ!" असे कोणी म्हणेल. तर १९१६ चे 'स्वयंवर' घ्या. त्यातल्या कितीतरी पदांच्या चाली भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या जुन्या बंदिशींवरून बांधल्या होत्या. म्हणजे आपण ज्याला मूळ म्हणतो तेही आधीच्या कशावर तरी उभे आहे.

अर्थात, बदल केला की नवे झाले असे नव्हे. २००२ च्या सुमारास जुन्या हिंदी गाण्यांच्या रिमिक्सची लाट आली होती. ठेका बडवला, बाकी गाणे तेच. त्यात गाणाऱ्याला काय उमजले होते, कोण जाणे!

म्हणून गाणे आधी नीट, जसेच्या तसे बसवा. ही पायरी कुमारांनाही चुकली नव्हती. मग शब्द नुसते मोठ्याने वाचा: कोण बोलते आहे, कोणाशी? आणि मूळ गाणे काळी पाचमध्ये आहे म्हणून तुम्ही त्याच पट्टीत ओरडू नका.

यंदा गाणे झाल्यावर मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारणार आहे: "अमुक शब्दावर का थांबलास?" "रेकॉर्डिंगमध्ये तसेच आहे, सर" हे उत्तरही चालेल. पण त्याला पूर्ण गुण नाहीत.