गोठलेले भाडे

दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत मुंबईत जागेची जी विलक्षण टंचाई निर्माण झाली, तिच्यावर तोडगा म्हणून सरकारने १९४७ साली भाडेनियंत्रणाचा अधिनियम केला आणि बहुतेक जुन्या घरांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या दराला बांधून टाकले. कायदा मुदतीचा होता. पण मुदत सरत आली की ती वाढवून देण्याचा शिरस्ता पडला, आणि तो अर्धशतक टिकला.

असे का व्हावे? कारण निर्णय एकदा अंमलात आला की त्याच्याभोवती हितसंबंध वाढू लागतात. भाडेकरूंनी जागा मिळवण्यासाठी पागडीपोटी मोठ्या रकमा मोजल्या, त्यामुळे जागेवरचा हक्क हीच त्यांची पुंजी ठरली. तुटपुंज्या भाड्यात डागडुजी परवडेना, म्हणून मालकांनी चाळींकडे पाठ फिरवली. आणि इमारती खचू लागल्या, तेव्हा मूळ निर्बंधाला हात न लावता सरकारने १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापून वर उपकर बसवला! भाडेकरूंची मते मालकांच्या मतांहून कितीतरी अधिक, हा हिशेब कोणत्या आमदाराला कळत नव्हता?

१९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणभाड्याच्या, म्हणजे या गोठवलेल्या भाड्याच्या, तरतुदी अवाजवी ठरवल्या खऱ्या, परंतु कायद्याची मुदत संपतच आहे म्हणून त्या रद्द केल्या नाहीत. १९९९ च्या नव्या अधिनियमाने बँका आणि बड्या कंपन्यांना संरक्षणातून वगळले, पागडीला कायदेशीर मान्यता दिली आणि उरलेल्यांसाठी सालीना चार टक्के वाढ ठेवली, तीही त्याच गोठलेल्या भाड्यावर.