स्वस्त बेस गिटार : खर्च कुठे करावा, कुठे टाळावा?

गाणे ऐकताना गायकाचा आवाज, सतार, बासरी वा व्हायोलिन यांकडे आपले लक्ष चटकन जाते. बेस गिटारकडे मात्र मुद्दाम कान देणारे श्रोते थोडेच. तरीही राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांतून टोनी वाझ यांची बेस गिटार काढून टाकली, तर त्या गाण्यांचा तोल किती ढळेल, याची कल्पना करून पाहावी. ताल आणि सूर यांना जोडणारे हे वाद्य शिकण्याची हौस आज शहरांतील अनेक तरुण-तरुणींना असते. मोहिनी डे या मुंबईच्या बेसवादक युवतीने जगभर मिळवलेल्या नावामुळे ती हौस वाढलीच आहे. पण दुकानाची पायरी चढताच पहिला प्रश्न उभा राहतो तो किमतीचा. नामांकित अमेरिकी बनावटीच्या एका बेस गिटारच्या किमतीत साध्या बनावटीच्या कित्येक गिटार येतात. मग या फरकाचा अर्थ काय? स्वस्तातले वाद्य घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे आहे काय? या प्रश्नांची उत्तरे वाद्याच्या रचनेतच दडलेली आहेत.

काटकसरीतून जन्मलेले वाद्य

बेस गिटार हे मुळातच कारखानदारीच्या हिशेबातून जन्माला आलेले वाद्य आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेतील सिएटल शहरात पॉल टुटमार्क यांनी फ्रेट असलेली विद्युत बेस तयार केली होती. ती फारशी रुजली नाही. १९५१ साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली आणि चित्र पालटले. फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यांच्यापुढचा प्रश्न व्यावहारिक होता. माणसाच्या उंचीचा डबल बेस गाडीत घालून नेणे जिकिरीचे आणि ढोलताशांच्या, ट्रम्पेटच्या गलक्यात तो ऐकूही जात नसे. त्याला पडदे नसल्याने अचूक सूर लावण्यास वर्षानुवर्षांची साधना लागे. फेंडर यांनी लाकडाचे सपाट धड घेतले, त्याला वेगळी केलेली मान, म्हणजे नेक, चार स्क्रूंनी जोडली आणि सतारीच्या पडद्यांप्रमाणे नेमक्या जागी फ्रेट बसवले. ‘प्रिसिजन’ हे नाव त्या अचूकतेवरूनच पडले.

त्या चार स्क्रूंचे महत्त्व फार मोठे आहे. व्हायोलिनची मान सरसाने चिकटवलेली असते. ती काढणे हे निष्णात कारागिराचे काम. येथे मात्र नेक बिघडली तर ती काढून दुसरी बसवता येते. पिकअप, खुंट्या, ब्रिज, आवाजाची बटणे हे सारेच सुटे भाग आहेत. त्यामुळे स्वस्त बेस हळूहळू सुधारत नेता येते. ही सोय फार थोड्या वाद्यांत आहे.

स्वस्त वाद्यांनी इतिहास घडवल्याचे दाखलेही आहेत. पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये जर्मन बनावटीची होफनर बेस घेतली ती सुमारे ३० पौंडांना. फेंडरची किंमत त्यांच्या आवाक्याबाहेर होती. तीच बेस १९७२ साली चोरीस गेली आणि तिचा शोध लागून ती मालकाकडे परतल्याची बातमी २०२४ साली जगभर गाजली. रोलिंग स्टोन्सचे बिल वायमन यांनी तर १९६१ मध्ये एका स्वस्त, जुन्या बेसचे झिजलेले फ्रेट उपटून काढले. नवे बसवायचा विचार होता. पण फ्रेटविना निघणारा आवाज त्यांना इतका भावला, की ते राहूनच गेले.

पैसा नेमका कशाचा?

महागड्या वाद्यात पैसा जातो तो प्रामुख्याने मनुष्यश्रमात, वेचक लाकडात, रंगकामात आणि नावात. आज नेक आणि धड कापण्याचे काम इंडोनेशिया वा चीनमधील कारखान्यांत संगणक-नियंत्रित यंत्रे करतात. फ्रेटच्या खाचा कुठे पडाव्यात हे यंत्राला अचूक ठाऊक असते. त्यामागचे गणित सोपे आहे. बेसच्या तारेची प्रमाण लांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर. तिला १७.८१७ ने भागले की पहिला फ्रेट नटपासून ४८.५ मिलिमीटरवर येतो. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच संख्येने भागले की दुसऱ्या फ्रेटचे अंतर मिळते. असे करत बारावा फ्रेट बरोबर मध्यावर, ४३२ मिलिमीटरवर पडतो आणि तेथे तोच सूर एक सप्तक वर वाजतो. हे काम यंत्र स्वस्त वाद्यातही चोख करते.

काटकसर होते ती हातकामात. फ्रेटची टोके नीट घासलेली नसतात, नटच्या खाचा पुरेशा खोल नसतात, खुंट्या ढिल्या असतात, बटणे फिरवताना खरखर येते. यांतील जवळपास प्रत्येक दोष थोड्या खर्चात दूर होतो. धडाच्या लाकडाने आवाजात किती फरक पडतो, यावर वाद्यप्रेमींत न संपणारा वाद आहे. विजेवर चालणाऱ्या वाद्यात आवाज उमटतो तो पोलादी तारेच्या कंपनांमुळे पिकअपच्या वेटोळ्यात निर्माण होणाऱ्या विद्युतप्रवाहातून. नवशिक्याने लाकडाच्या नावासाठी जादा पैसे मोजू नयेत, हेच बरे.

लाकडाच्या बाबतीत एक गोष्ट मात्र आपल्याला जवळची आहे. बोटे जिथे फिरतात त्या फिंगरबोर्डासाठी जगभरचे गिटारनिर्माते भारतीय शिसव वापरत आले. २०१७ च्या जानेवारीत शिसवीच्या संपूर्ण कुळावर आंतरराष्ट्रीय व्यापारनिर्बंध आले. तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली ती २०१९ च्या नोव्हेंबरात. मधल्या काळात अनेक कंपन्या स्वस्त वाद्यांसाठी पर्यायी लाकडांकडे वळल्या. त्यांतले ‘इंडियन लॉरेल’ या भारदस्त नावाचे लाकूड म्हणजे दुसरे-तिसरे काही नसून सह्याद्रीत आढळणारा आपला ऐन होय.

दुकानात काय पाहावे?

निवड करताना सर्वाधिक लक्ष द्यावे ते नेककडे. चार तारांचा मिळून पाऊणशे किलोंच्या आसपास ताण तिला अहोरात्र सोसावा लागतो. त्याला तोंड देण्यासाठी तिच्या पोटात ट्रस रॉड नावाची पोलादी सळई असते. नेकला आलेला बाक ही सळई फिरवून दुरुस्त होतो. पण नेकला पीळ पडला असेल तर तो सहसा जात नाही. म्हणून गिटार डोळ्यांसमोर धरून नटकडून ब्रिजच्या दिशेने नेकच्या दोन्ही कडा पाहाव्यात. त्या एकमेकींना समांतर दिसल्या पाहिजेत. नंतर प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून पाहावी. एखाद्या ठिकाणी सूर मुका पडत असेल, तर तेथील फ्रेट वर आलेला आहे असे समजावे. फ्रेटच्या टोकांवरून तळहात फिरवावा; ती बोचता कामा नयेत. पट्टा लावून उभे राहावे आणि हात सोडून पाहावेत. नेक जमिनीकडे झुकू लागली, तर डाव्या हाताची निम्मी शक्ती तिला सावरण्यातच जाईल. वजनही तपासावे, तासभर उभे राहून वाजवायचे असेल, तर अर्ध्या किलोचा फरकही खांद्याला जाणवतो.

लहान चणीच्या व्यक्तींनी ३० इंची बेसचा विचार जरूर करावा. तीच तार त्याच सुरात लावली, तर ३४ इंचीच्या तुलनेत तिच्यावरील ताण सुमारे २२ टक्क्यांनी कमी होतो आणि फ्रेटही जवळ येतात. मॅकार्टनी यांची होफनर याच लांबीची आहे. बॅटरीवर चालणारी ‘ॲक्टिव्ह’ बेस की साधी ‘पॅसिव्ह’, हा प्रश्नही विक्रेता विचारतोच. १९७६ च्या म्युझिक मॅन स्टिंगरेपासून ॲक्टिव्ह प्रकार लोकप्रिय झाला. परंतु कमी किमतीत तो घेतल्यास त्यातील विद्युतमंडलाची सुरसुर कानाला त्रास देते. पहिली बेस पॅसिव्हच बरी.

अँपसाठी पैसे राखून ठेवणेही तितकेच आवश्यक. बेसच्या सर्वांत जाड तारेची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ४१ असते. घरच्या लहान स्पीकरमधून हा मूळ स्वर धड उमटतच नाही. वरच्या उपस्वरांवरून आपला कान तो ताडतो. साध्या गिटारच्या अँपवर बेस मोठ्याने वाजवल्यास त्याचा स्पीकर फाटण्याची भीती असते. घरातल्या सरावासाठी चांगले हेडफोन आणि हेडफोनची सोय असलेला छोटा बेस अँप पुरेसा ठरतो.

जुळणी : सर्वांत स्वस्त सुधारणा

तानपुऱ्याची जवारी बिघडली असेल तर उत्तम भोपळाही कामाचा नाही, हे मिरजेचा कारागीर जाणतो. बेस गिटारचेही तसेच आहे. दुकानातून आणलेली बेस जड, बेसूर वाटते, तेव्हा दोष बहुधा वाद्याचा नसून जुळणीचा, म्हणजे ‘सेटअप’चा असतो.

यात क्रम महत्त्वाचा. आधी नव्या तारा चढवून सुरात लावाव्यात. मग जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरावी आणि आठव्या फ्रेटपाशी मधली फट पाहावी. ती ०.३ मिलिमीटरच्या आसपास, व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी असावी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, कमी असेल तर उलट फिरवावा. पण एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक नाही. जोर लावावा लागत असेल तर थांबून कारागिराकडे जावे. त्यानंतर तारांची उंची. सतराव्या फ्रेटवर जाड तारेसाठी २.४ आणि बारीक तारेसाठी २ मिलिमीटर हे प्रचलित माप आहे. शेवटी बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि त्याच जागी नुसता स्पर्श करून निघणारा सूर ट्यूनरवर ताडून पाहावा. दाबलेला सूर चढा येत असेल तर ब्रिजवरील आधार मागे सरकवावा, उतरता येत असेल तर पुढे. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरते आणि उन्हाळ्यात सुकते. त्यामुळे ही तपासणी वर्षातून निदान दोनदा करावी.

फेरफार कोणते, कधी?

जुळणीनंतरही काही खटकत असेल, तरच पुढे जावे. पहिला शत्रू म्हणजे गुणगुणाट. आपल्याकडील घरगुती विजेची ५० हर्ट्झची घरघर एकेरी वेटोळ्याच्या पिकअपमध्ये शिरते. १९५७ साली फेंडर यांनी प्रिसिजन बेसचे पिकअप दोन तुकड्यांत विभागले. त्यांची वेटोळी आणि चुंबकध्रुव परस्परांच्या उलट असल्याने घरघर एकमेकींना छेदून नाहीशी होते, तारेचा आवाज मात्र टिकतो. १९६० च्या जॅझ बेसमध्ये दोन्ही पिकअप सारख्याच आवाजावर ठेवले की हाच परिणाम मिळतो. उरलेल्या गुणगुणाटावर उपाय म्हणजे आतील पोकळीला तांब्याची पट्टी चिकटवून ती जमिनीच्या तारेला जोडणे. खर्च किरकोळ, फरक मोठा.

खरखरणारी बटणे बदलणे हे त्यानंतरचे काम. पॅसिव्ह बेसमध्ये प्रायः २५० किलोओहमची बटणे आणि टोनसाठी ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. सोल्डरिंग येत असेल तर हे एका दुपारचे काम आहे. पिकअप बदलणे सर्वांत खर्चिक, म्हणून सर्वांत शेवटी. त्याआधी तारांचा प्रकार बदलून पाहावा. मोटाउनचे जेम्स जेमरसन यांचा उबदार, गोल आवाज सपाट गुंडाळीच्या तारांचा होता. पिकअपपेक्षा तारा कितीतरी स्वस्त पडतात.

फ्रेट काढून बेस ‘फ्रेटलेस’ करण्याचा मोह अनेकांना होतो. जॅको पास्टोरियस यांच्या फ्रेट नसलेल्या १९६२ च्या जॅझ बेसने १९७६ नंतर या वाद्याची दिशाच बदलली. खाचा पातळ लाकडी पट्टीने भरता येतात. पण ओरखडे पाडणाऱ्या तारांपासून लाकूड वाचवायला त्यांनी बोटींना लावतात तसला इपॉक्सीचा थर दिला होता. हा प्रयोग दुसऱ्या, स्वस्त नेकवरच करावा. मूळ नेक जपून ठेवली की परतीचा मार्ग खुला राहतो.

स्वतः घडवायची असेल तर

कापलेले धड, तयार नेक आणि सुटे भाग असा संच आणून बेस जुळवता येते. मात्र तो पैसे वाचवण्याचा मार्ग नव्हे. रंगकाम, फ्रेट समतल करण्याची हत्यारे आणि संचातले कच्चे भाग बदलण्याचा खर्च धरला, तर तेवढ्यात चांगली तयार बेस येते. शिवाय विकताना तिला किंमतही कमीच मिळते. संचातून मिळते ते ज्ञान. ब्रिजसाठी भोके पाडण्यापूर्वी दोन्ही कडेच्या तारांच्या जागी दोरा ताणून तो नेकच्या कडांपासून सारख्या अंतरावर आहे ना, हे पाहावे. नटपासून ८६४ मिलिमीटर मोजून मगच खूण करावी. ब्रिजखालून जमिनीची तार न्यायला विसरू नये. लाकूड घासताना तोंडावर मास्क हवाच.

शिकाऱ्याचे मन टिकते ते वाद्य हातात सुखाने बसल्यामुळे. कित्येक मुले बोटे दुखतात म्हणून महिन्याभरात गिटार कपाटावर टाकतात आणि आपल्यात कला नाही अशी समजूत करून घेतात. अनेकदा त्यांच्या तारा दोन मिलिमीटर उंच असतात, एवढेच. सरळ नेक असलेली साधी बेस, नव्या तारा आणि जाणत्या हातांनी केलेली जुळणी एवढ्या भांडवलावर सुरुवात होऊ शकते. त्यातून उरलेले पैसे शिक्षकाच्या फीसाठी राखून ठेवावेत.