दूरचित्रवाणीवरील गेमिंगसाठी रिझोल्यूशनची निवड

गेम कन्सोल किंवा संगणक दूरचित्रवाणी संचाला जोडला असता चित्र किती पिक्सेलांत पाठवायचे, हे वापरकर्त्याला ठरवता येते. या मापास आउटपुट रिझोल्यूशन म्हणतात. उपलब्ध पर्यायांतील सर्वांत मोठा आकडा सर्वोत्तम असतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात योग्य निवड पडद्याची मूळ पिक्सेलसंख्या, चित्राचे माप बदलणारे यंत्र आणि त्या कामी जाणारा वेळ यांवर अवलंबून असते.

प्रमुख मापे

७२०पी चित्रात १२८०×७२० म्हणजे ९,२१,६०० पिक्सेल असतात. १०८०पी चित्रात १९२०×१०८० म्हणजे २०,७३,६००, तर ४के चित्रात ३८४०×२१६० म्हणजे ८२,९४,४०० पिक्सेल असतात. ‘पी’ हे अक्षर चौकटीतील सर्व रेषा एकत्र पाठवल्या जातात असे दर्शवते. ‘आय’ या प्रकारात सम आणि विषम रेषा आळीपाळीने पाठवल्या जातात. त्यामुळे १०८०आय चित्रात एका वेळी ५४० रेषाच मिळतात.

पडद्याचे मूळ रिझोल्यूशन

एलसीडी, प्लाझ्मा व ओएलईडी पडद्यांवरील पिक्सेलांची संख्या निश्चित असते. वेगळ्या मापाचे चित्र आल्यास संच ते ताणून किंवा आक्रसून बसवतो आणि त्यात रेखीवपणा काहीसा कमी होतो. भारतात ‘एचडी रेडी’ म्हणून विकल्या गेलेल्या अनेक संचांचे मूळ रिझोल्यूशन १३६६×७६८ आहे. अशा संचाने १०८०पी चित्र स्वीकारले, तरी पडद्यावर १०,४९,०८८ पिक्सेलच दिसतात. या संचांवर ७२०पी हा बहुधा समाधानकारक पर्याय ठरतो. १०८०आय निवडल्यास संचाला आधी रेषा जुळवाव्या लागतात व मग माप बदलावे लागते. वेगवान दृश्यांत त्यामुळे कडा दातेरी दिसू शकतात.

काही संच चित्राच्या चारही कडा थोड्या कापतात. ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ अशा नावांचा पर्याय निवडल्यास संपूर्ण चित्र दिसते.

कन्सोलनुसार फरक

एक्सबॉक्स ३६० (२००५) या कन्सोलमध्ये चित्राचे माप बदलणारी स्वतंत्र यंत्रणा होती. गेम आतून कमी पिक्सेलांत चित्र तयार करी आणि कन्सोल ते निवडलेल्या मापात पाठवी. त्यामुळे पडद्याच्या मूळ मापाशी जुळणारा पर्याय निवडणे पुरेसे असे.

प्लेस्टेशन ३ (२००६) या कन्सोलची पद्धत निराळी होती. संच स्वीकारू शकेल अशी सर्व मापे वापरकर्त्याने नोंदवायची आणि त्यांतील एक गेमने निवडायचे, अशी ती व्यवस्था होती. उच्च रिझोल्यूशनचे काही जुने सीआरटी संच १०८०आय स्वीकारत, ७२०पी मात्र नाही. अशा संचांवर ७२०पीसाठी बनवलेले सुरुवातीचे अनेक गेम थेट ४८०पीवर घसरत. म्हणून संचाला चालणारे कोणतेही माप यादीतून न वगळणे श्रेयस्कर असे. ‘ग्रॅन टुरिस्मो ५’ (२०१०) या गेममध्ये १०८०पी निवडल्यास चित्र अधिक तपशीलवार दिसे, परंतु चौकटींचा वेग ७२०पीच्या तुलनेत अधिक वेळा मंदावे.

प्रतिसादातील विलंब

बटण दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतच्या काळास इनपुट लॅग म्हणतात. सेकंदाला ६० चौकटी असल्यास एक चौकट सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते. चित्र सुधारण्यासाठी संचाने दोन-तीन चौकटी रोखून धरल्या, तरी शर्यतीच्या वा नेमबाजीच्या गेममध्ये खेळाडूचा अंदाज चुकू शकतो. चित्रपट पाहताना हा विलंब जाणवत नाही, कारण ध्वनीही तितकाच मागे ठेवता येतो. ‘गेम मोड’ सुरू केल्यास संच अशा बऱ्याचशा प्रक्रिया टाळतो. रिझोल्यूशन बदलण्यापूर्वी हा पर्याय तपासणे उपयुक्त ठरते.

४के संच

प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स (२०२०) ही कन्सोल ४के चित्र सेकंदाला १२० चौकटींपर्यंत पाठवू शकतात. त्यासाठी संचात एचडीएमआय २.१ जोडणीची सोय लागते. एचडीएमआय २.० जोडणीवर ४के चित्राची मर्यादा ६० चौकटींची आहे. १२० हर्ट्झचा पडदा असलेल्या काही संचांवर अशा जोडणीतूनही १०८०पी चित्र १२० चौकटींनी मिळते. स्पर्धात्मक खेळासाठी हा वेग, तर निसर्गदृश्ये व कथानकप्रधान गेमसाठी ४केचा तपशील अधिक उपयोगी पडतो.