पाचगणीची हवा आणि क्षयाचे औषध

कृष्णेच्या खोऱ्यावर सुमारे ४,३०० फूट उंचीवर वसलेल्या पाचगणीची हवा, अवघ्या बारा मैलांवरचे महाबळेश्वर धो धो पावसात भिजत असतानाही, बरीच कोरडी राहते; आणि क्षयावर रामबाण असे औषध जेव्हा कोणाच्याच हाती नव्हते, तेव्हा या कोरडेपणाला मोठे मोल होते. १९१२ साली डॉ. रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया यांनी येथे बेल-एअर हे आरोग्यधाम काढले. मोकळ्या हवेत टाकलेली खाट, सक्तीची विश्रांती, सकस अन्न आणि महिनोन्‌महिने तग धरण्याची ऐपत, एवढीच त्या काळची चिकित्सा होती; आणि यांतली शेवटची गोष्ट मुंबईत गिरणगावच्या कोंदट खोलीत दहा जणांसह निजणाऱ्या कामगारापाशी नसे, हे सांगावयास नकोच.

ही विषमता हवेने नव्हे, धोरणाने मोडली. औषधे निघाल्यावर १९५६ साली मद्रासेत एक प्रयोग सुरू झाला: गरीब क्षयरोग्यांपैकी काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवून आणि काहींना त्यांच्याच दाटीवाटीच्या घरी वर्षभर तीच औषधे देण्यात आली. घरचे अन्न निकृष्ट आणि विश्रांती अपुरी असूनही गुण जवळजवळ सारखाच आला, घरच्या माणसांना अधिक लागणही झाली नाही. १९६२ च्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाला याच निष्कर्षाचा आधार मिळाला. 

तथापि या सरकारी कार्यक्रमातून औषध फुकट झाले म्हणजे उपचार फुकट झाला, असे समजणे हा दप्तरी भाबडेपणा होय. पाचगणीजवळ भिलारच्या स्ट्रॉबेरीच्या मळ्यात रोजंदारीने खुरपणाऱ्या बाईला बेडका तपासण्यासाठी जाणे म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे गमावणे. मग खोकला अंगावर काढला जातो. २०१८ पासून सरकार रुग्णाच्या खात्यावर पोषणासाठी दरमहा ५०० रुपये जमा करू लागले, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये. म्हणजे दिवसाला जेमतेम ३३. रक्कम तुटपुंजी, पण दिशा योग्य: झारखंडात रुग्णांच्या कुटुंबीयांना शिधा दिल्याने त्यांच्यातील क्षयाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. बुडालेली मजुरी मात्र या मदतीच्या हिशेबात धरलेली नाही, आणि ती धरली गेली पाहिजे.

तोवर वाचकांनी एवढे करावे: घरच्या वा कामावरच्या कोणाचा खोकला दोन आठवडे हटला नाही, तर त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे आणि त्या दिवसाची मजुरी कापू नये.