विश्लेषण : घोरावाडीच्या लेण्यातील ‘सिअगुतणिका’ कोण? या नावाचा अर्थ काय?

पुणे-लोणावळा लोकलने जाताना बेगडेवाडी आणि तळेगावच्या मध्ये घोरावाडी स्थानक लागते. जवळच्या घोराडेश्वर डोंगरावर महाशिवरात्रीला भाविकांची रीघ असते. याच डोंगरातील बौद्ध लेण्यांत एका शेतकरी घरातील स्त्रीचे नाव कोरलेले आहे. शेलारवाडीची लेणी म्हणून अभ्यासक ओळखतात ती हीच.

शिलालेखात काय आहे?

लेख सातवाहन काळातील, ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहे. जेम्स बर्जेस व भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पश्चिम भारतातील लेण्यांच्या शिलालेखसंग्रहात त्याचा समावेश आहे. आशय असा : धेनुकाकट येथे राहणाऱ्या उसभणक या शेतकऱ्याची पत्नी सिअगुतणिका हिने मुलगा नंद याच्यासह हे लेणे दान दिले. कार्ल्याच्या लेण्यांतील अनेक दातेही याच धेनुकाकटचे होते.

नावाची फोड कशी होते?

‘गुत’ म्हणजे गुप्त. आज आपण गुप्त म्हणजे लपलेले असे समजतो. चंद्रगुप्तसारख्या जुन्या नावांत मात्र त्याचा अर्थ ‘रक्षिलेला’ असा आहे. शेवटचे ‘णिका’ हे स्त्रीलिंगी, काहीसे लाडाचे रूप.

खरा प्रश्न ‘सिअ’चा. प्राकृतात दोन स्वरांमधील व्यंजन अनेकदा गळते. त्यामुळे ‘शिव’चे ‘सिअ’ होऊ शकते आणि ‘सीता’चे ‘सीआ’. म्हणजे ही ‘शिवाने रक्षिलेली’ किंवा ‘सीतेने रक्षिलेली’. संस्कृतात सीता म्हणजे नांगराचे तास. नांगर धरणाऱ्याच्या पत्नीला हा अर्थ शोभतो, पण शोभतो म्हणून तो खरा ठरत नाही. पहिला अर्थ घेतला तर शिवाचे नाव धारण करणारी स्त्री बौद्ध लेणे दान देते. नावावरून श्रद्धा ओळखता येत नाही, हे तेव्हाही खरे होते.

आजच्या मराठीशी नाते काय?

लेखात पतीला ‘हालकिय’ म्हटले आहे; हल म्हणजे नांगर. उसभ म्हणजे ऋषभ, अर्थात बैल. तिच्यासाठी ‘कुडुबिनी’ हा शब्द आहे, म्हणजेच कुटुंबीण. ‘कुणबी’ हा शब्दही याच कुळातला मानला जातो. ‘लेण’ तर आजही लेणेच आहे.

‘सिया’ नाव ठेवणाऱ्यांसाठी...

हल्ली मुलींसाठी लोकप्रिय असलेले ‘सिया’ हेही सीतेचेच रूप; त्यातलाही ‘त’ असाच गळाला. नावांच्या अ‍ॅपवर त्याचा अर्थ एका शब्दात मिळतो. मात्र नावाचा उगम, उच्चारात झालेला बदल आणि घरच्यांनी ते ठेवण्यामागचे कारण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बारशाआधी तिन्ही पाहिलेल्या बऱ्या.

हे नाव महत्त्वाचे का?

१ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांत आईचे नाव लावणे महाराष्ट्रात बंधनकारक झाले. घोरावाडीच्या लेखात सिअगुतणिकेची ओळख पतीच्या नावाने दिली आहे; पण दान तिचे आहे आणि मुलगा ‘सह’ आहे. ती राणी नव्हती, शेतकऱ्याच्या घरची होती. तरीही तिचे नाव कातळावर राहिले.