समुद्राच्या पाण्याचे उपचार : पैसे कशाचे आणि गुण कशाचा?

एकाच आठवड्यात आमच्याकडे दोन पत्रे आली. पहिले नांदेडच्या देगलूर नाका भागातले, एका निवृत्त शिक्षकाचे. त्यांच्या पत्नीचे दोन्ही गुडघे सहा वर्षांपासून दुखतात. जिना चढवत नाही, नमाज खुर्चीवर बसून होते. कुणा नातेवाइकाने समुद्रकाठच्या एका आलिशान हॉटेलचे माहितीपत्रक त्यांना आणून दिले. समुद्राच्या कोमट पाण्यात स्नान, फवाऱ्याचा मारा, समुद्री शेवाळाचा लेप असे उपचार त्यात आहेत. तीन रात्री, चार दिवस, दोघांचे मिळून पाऊण लाखाच्या वर, आणि प्रवास वेगळा. 'बँकेतली ठेव मोडू का?' असा त्यांचा सरळ प्रश्न आहे.

दुसरे पत्र लातूरच्या गंजगोलाईजवळ कापडाचे दुकान चालविणाऱ्या तरुणाचे. त्याला घरच्या मोकळ्या जागेत 'सी वॉटर स्पा' काढायचा आहे. यंत्रसामग्री पुरविणारी एक पार्टी तयार आहे, पण आगाऊ रक्कम मागते. एकाला गिऱ्हाईक व्हायचे आहे, दुसऱ्याला दुकानदार. दोघांनाही कळायला हवे ते एकच : या धंद्यात पैसे कशाचे घेतात आणि गुण येतो तो कशाने?

या उपचाराला युरोपात थॅलासोथेरपी म्हणतात. ग्रीक भाषेत थॅलासा म्हणजे समुद्र. कल्पना बरीच जुनी आहे. रिचर्ड रसेल नावाच्या इंग्रज डॉक्टरने १७५० साली समुद्राच्या पाण्याच्या औषधी उपयोगावर लॅटिनमध्ये प्रबंध लिहिला, आणि इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे ब्रायटन हे मच्छीमारांचे गाव हळूहळू श्रीमंतांचे हवा पालटण्याचे ठिकाण झाले. फ्रान्समध्ये रोस्कॉफ या गावी डॉ. लुई बागो यांनी १८९९ साली अशी उपचारसंस्था काढली. पण याचा खरा धंदा केला तो डॉक्टरने नव्हे, एका सायकलपटूने. लुईझाँ बोबे हा तीन वेळा 'टूर द फ्रान्स' जिंकलेला खेळाडू. १९६१ साली मोटार अपघातात पाय जायबंदी झाल्यावर त्याने रोस्कॉफला उपचार घेतले आणि १९६४ साली किबरों येथे स्वतःचे केंद्र उघडले. शेजारी हॉटेल, समोर समुद्र, आत उपचार. आज जगभर जे 'लक्झरी' समुद्रस्नान विकले जाते त्याचा नमुना हाच. फ्रान्सच्या मागोमाग ट्युनिशियानेही या धंद्यात मोठे नाव कमावले आहे.

अशा केंद्रात प्रत्यक्ष होते काय? किनाऱ्यापासून आत पाइप टाकून पाणी ओढतात, गाळतात, आणि ३३ ते ३६ अंशांपर्यंत तापवतात. माणूस प्रथम डॉक्टरला भेटतो. मग छातीभर पाण्याच्या हौदात व्यायाम, जोरदार धारेखाली पाठ आणि पाय धरणे, शेवाळाचा किंवा चिखलाचा गरम लेप, आणि मधूनमधून विश्रांती. एकेक उपचार वीस-पंचवीस मिनिटांचा. फ्रान्समध्ये साधारण सहा दिवस, रोज तीन-चार उपचार असा रिवाज आहे. आपल्याकडे समुद्रकाठच्या तारांकित हॉटेलांतले 'स्पा' बहुधा तेल-मालिशीवर चालतात. समुद्र खिडकीतून दिसतो एवढेच. म्हणून माहितीपत्रक हातात आले की पहिला प्रश्न हाच विचारावा : हौदातले पाणी समुद्रातून येते की नळाच्या पाण्यात मीठ टाकता? आम्ही शिक्षकांच्या वतीने त्या हॉटेलला फोन करून हे विचारले. पलीकडच्या बाईंनी दोनदा 'विचारून सांगते' म्हटले, आणि मग सांगितले की पाणी 'मिनरल-रिच' असते. उत्तर समजायला एवढे पुरे.

आता पाण्याकडे वळू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातला फार मोठा भाग म्हणजे आपले साधे मीठ. मॅग्नेशियम सव्वा ग्रॅमच्या आसपास, कॅल्शियम आणि पोटॅशियम प्रत्येकी अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. हे क्षार कातडीतून आत शिरून सांध्यापर्यंत पोहोचतात असे माहितीपत्रके सांगतात; त्याला पुरेसा पुरावा नाही. खारे पाणी माणसाला तरंगवते हे खरे, पण ते गोड्या पाण्यापेक्षा जेमतेम अडीच टक्के जड आहे. मृत समुद्राची गोष्ट वेगळी. तिथले पाणी सुमारे दहापट खारट आहे, त्यात माणूस बुडत नाही.

मग गुडघ्याला आराम पडतो तो कशाने? कोमट पाण्याने आणि पाण्यातल्या हालचालीने. कमरेपर्यंत पाण्यात उभे राहिले की पायांवरचा भार साधारण निम्मा होतो, छातीपर्यंत गेले की एक तृतीयांश, मानेपर्यंत गेले तर दहावा हिस्सा उरतो. जो गुडघा जमिनीवर वाकत नाही तो पाण्यात वाकतो. उबेने स्नायू सैल पडतात. झिजलेल्या गुडघ्या-खुब्यांसाठी पाण्यातल्या व्यायामाच्या १३ चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१६ साली काढला. निष्कर्ष असा की वेदना आणि अडचण थोडी कमी होते. फायदा खरा आहे, पण लहान आणि थोड्या काळाचा. म्हणजे व्यायाम चालू राहिला तर गुण, थांबला की पुन्हा पहिले पाढे. चार दिवसांत सहा वर्षांचे दुखणे जात नाही. आणि हा व्यायाम गोड्या पाण्यातही होतो.

कातडीच्या रोगाची बाजू थोडी निराळी आहे. सोरायसिस या रोगात खाऱ्या पाण्याचे स्नान आणि त्याबरोबर अतिनील किरण असा दुहेरी उपचार जर्मनीत चालतो, आणि २००८ पासून तिथल्या सरकारी आरोग्यविम्यात तो बसतो. पण तो त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली होतो, मेणबत्त्या लावलेल्या खोलीत नव्हे.

विम्याचा विषय निघाला म्हणून फ्रान्सचीच एक गोष्ट सांगतो, आम्हाला ती फार बोलकी वाटते. ज्या देशाने समुद्रस्नानाचा एवढा व्यापार केला, त्याच देशाचा सरकारी विमा समुद्रस्नानाला पैसे देत नाही. जमिनीतून निघणाऱ्या औषधी झऱ्यांवर डॉक्टरच्या चिठ्ठीने १८ दिवसांचा उपचार घेतला तर मात्र खर्चाचा मोठा हिस्सा देतो. झरा हा दवाखाना, समुद्रस्नान ही सुट्टी, असा हिशेब त्यांनी लावला आहे.

झरा आपल्याही जिल्ह्यात आहे

समुद्र नांदेडपासून सरळ रेषेत मोजला तरी साडेचारशे किलोमीटर दूर. लातूरपासून पावणेचारशेच्या आसपास, रस्त्याने त्याहून बरेच अधिक. दुखऱ्या गुडघ्यांना रात्रभर गाडीत बसवून न्यायचे, चार दिवस शेकायचे आणि तसेच परत आणायचे! पण किनवटकडे, पैनगंगेच्या खोऱ्यात, उनकेश्वर आहे. तिथले गरम पाण्याचे झरे गंधकयुक्त म्हणून प्रसिद्ध आहेत आणि कातडीच्या विकारांसाठी लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे जात आले आहेत. आपल्या भाषेने हे झरे नावातच जपले आहेत. रत्नागिरीत उन्हवरे आणि उन्हाळे, रायगडात पालीजवळ उन्हेरे, खानदेशात उनपदेव, आणि आमच्याकडे उनकेश्वर. जिथे नावात ऊन आहे तिथे बहुधा जमिनीतून कढत पाणी येते. पावसाचे पाणी भेगांतून खोल जाते, खालच्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते. वाटेत खडकातले क्षार घेऊन येते. त्याला तापवायला वीज लागत नाही.

उनकेश्वरला गेल्याने रोग बरा होईल असे आम्ही म्हणत नाही. हॉटेलच्या माहितीपत्रकाला जी कसोटी लावली तीच झऱ्यालाही लावली पाहिजे. उघडी जखम असेल तर सामाईक कुंडात उतरू नये, स्वतःसाठीही नाही आणि दुसऱ्यासाठीही नाही. हृदयविकार किंवा काबूत नसलेला रक्तदाब असेल, किंवा बाई गरोदर असेल, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय गरम पाण्यात बसू नये. मधुमेहाच्या जुन्या रुग्णाने विशेष जपावे. पायाची संवेदना गेलेली असते, पाणी भाजते आहे हे कळत नाही, आणि फोड आला की मग तो बरा होता होत नाही. हा इशारा घरच्या बादलीलाही लागू आहे.

बादलीवरून आठवले. समुद्राइतके खारे पाणी घरी करायचे तर पंधरा लिटरच्या बादलीला अर्धा किलो खडेमीठ पुरते. कुठल्याही किराणा दुकानात मिळते. पाय शेकायला उत्तम. फक्त ते पाणी नंतर झाडांच्या आळ्यात ओतू नका.

लातूरच्या तरुणासाठी हिशेब

आळ्यात ओतू नका, हीच या तरुणाच्या धंद्यातली मोठी अडचण आहे. समजा त्याने चार मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि सव्वा मीटरला थोडा कमी खोल असा छोटा हौद बांधला. त्यात १२,००० लिटर पाणी बसते. ते समुद्राइतके खारे करायला ४२० किलो मीठ लागेल. मीठ स्वस्त आहे, प्रश्न तो नाही. पाणी बदलायची वेळ आली की हे ४२० किलो मीठ जाणार कुठे? किनाऱ्यावरचे केंद्र ते समुद्रात परत सोडते. लातुरात ते नालीतून शेजाऱ्याच्या शेतात किंवा बोअरमध्ये उतरेल, आणि एकदा जमीन खारावली की ती सुधारायला वर्षे लागतात. शिवाय खारे पाणी पंप, हीटर, नळ सगळे खाते. साधे लोखंड टिकत नाही, भारी धातू वापरावे लागतात, आणि ही रक्कम यंत्रवाल्याच्या कोटेशनमध्ये नसते.

दुसरे, प्रत्येक गिऱ्हाईक खाऱ्या पाण्यातून निघाल्यावर गोड्या पाण्याने अंघोळ करणार. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या फेरीत दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले, तेव्हा ते पाहायला स्टेशनवर गर्दी झाली होती. ते दिवस पुन्हा येणारच नाहीत असे गृहीत धरून कर्ज काढू नये.

तिसरे, नाव. थॅलासोथेरपीसाठी २०१५ साली आयएसओ १७६८० हे आंतरराष्ट्रीय मानक आले. त्यात समुद्राचे पाणी आणि समुद्रकाठची जागा हे मूळ धरले आहे. लातुरात मीठ कालवून 'सी वॉटर स्पा' अशी पाटी लावणे म्हणजे गिऱ्हाइकाला जे नाही ते विकणे, आणि आमच्या मते ते व्यापारात बसत नाही. यंत्रवाल्याला आगाऊ रक्कम देऊ नये, हे आम्ही त्याला स्पष्ट कळविले आहे.

पण त्याची मूळ कल्पना वाया घालवू नये. त्याच हौदात गोडे पाणी घ्यावे. गाळणी आणि क्लोरीन नीट ठेवले तर ते रोज बदलावे लागत नाही. १२,००० लिटर पाणी २५ अंशांवरून ३४ वर न्यायला सुमारे १२६ युनिट वीज लागते. पुढे रोज फक्त निघून गेलेली उष्णता भरून काढायची असते, आणि रात्री हौद झाकला तर ती बरीच वाचते. मराठवाड्याच्या उन्हात सौर तापक हे काम स्वस्तात करील. खरा खर्च माणसाचा : फिजिओथेरपिस्ट हवा, आणि स्त्रियांसाठी स्त्रीच हवी. बायकांच्या वेळा वेगळ्या आणि आडोसा पक्का ठेवला तर गुडघेदुखीच्या ज्या बाया आज कुठेच जात नाहीत त्या येतील. लातूर-नांदेडमध्ये हाडांचे डॉक्टर पुष्कळ आहेत; त्यांच्या चिठ्ठीवर पेशंट मिळतील. हा धंदा गिऱ्हाइकाने महिनोन्‌महिने आठवड्यातून दोनदा येण्यावर चालतो, चार दिवसांच्या पॅकेजवर नाही.

कराचेही पाहून घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्य आणि शरीरस्वास्थ्याच्या सेवांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. मात्र खरेदीवर भरलेल्या कराची वजावट त्यात मिळत नाही. यंत्रसामग्रीवरचा कर अंगावरच बसतो. उलट दवाखान्याच्या किंवा मान्यताप्राप्त वैद्यकशाखेच्या उपचाराला करमाफी आहे. तेव्हा 'स्पा' म्हणून नोंदवायचे की उपचारकेंद्र म्हणून, हे पाटी रंगवायच्या आधी कर सल्लागाराला विचारावे. गिऱ्हाइकानेही ध्यानात ठेवावे की दिवसाला ७,५०० रुपयांच्या वरच्या हॉटेलखोलीवर अजून १८ टक्के कर आहे. पॅकेजमध्ये खोलीचे किती आणि उपचाराचे किती, हे वेगळे लिहून मागितले की पैसे मुख्यतः कशाचे आहेत ते कागदावरच दिसते.

हे सगळे आम्ही नांदेडच्या शिक्षकांना कळविले. ठेव मोडू नका, गावातल्याच फिजिओथेरपिस्टकडे जा, हिवाळ्यात वाटले तर आदिलाबादकडे जाणाऱ्या गाडीने किनवटला उतरून उनकेश्वरला जाऊन या, असे लिहिले. त्यांचे उलट टपाली उत्तर आले. हिशेब पटला म्हणतात. शेवटी लिहिले आहे की पत्नीने उभ्या आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही, आणि माहितीपत्रकातली चित्रे ती रोज काढून बघते.

हे त्यांनी आधी लिहिले असते तर आमचे उत्तर निराळे झाले असते. कोकणात साध्या घरगुती लॉजवर दोन रात्री राहायला ठेव मोडावी लागत नाही. पावसाळा संपल्यावर जावे, गाडीत दर दोन तासांनी पाय मोकळे करावेत, आणि ओहोटीच्या वेळी, जिथे वाळू घट्ट असते तिथे, हात धरून घोट्याएवढ्या पाण्यात चालवावे. हे आम्ही त्यांना दुसऱ्या पत्राने कळवीत आहोत.